आठवडी मद्यपान : वय, पिढी आणि काळ (बुलडाणा जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

मद्यपानाविषयी महाविद्यालयीन स्तरावर होणाऱ्या पाहण्यांत एक निष्कर्ष वारंवार आढळतो. तरुण वयात मद्यपानाचे प्रमाण वाढते, मध्यम वयात ते सर्वाधिक असते आणि पुढे वयाबरोबर घटत जाते, असा तो निष्कर्ष होय. एखाद्या गावातील शंभर-दोनशे पुरुषांची वयोगटनिहाय सारणी तयार केली असता असे चित्र दिसणे स्वाभाविक आहे. त्यावरून 'वय वाढले की माणूस आपोआप सावरतो' असा अर्थ काढला जातो आणि विद्यार्थ्यांच्या पालकांना तोच दिलासा दिला जातो. हा अर्थ त्या सारणीतून निघत नाही. तो का निघत नाही आणि बुलडाण्यासारख्या जिल्ह्यात आठवड्याच्या मद्यपानाचा अभ्यास कोणत्या पद्धतीने करावा लागतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

आठवडा कोणता?

पाश्चात्त्य अभ्यासांत 'वीकएंड' म्हणजे शुक्रवारची संध्याकाळ ते रविवारची रात्र हे गृहीत असते. 2011 च्या जनगणनेनुसार 25,86,258 लोकसंख्या असलेल्या आणि बहुतांशी ग्रामीण असलेल्या बुलडाणा जिल्ह्यात हे गृहीतक जसेच्या तसे लागू पडत नाही. शेतमजूर, सालदार आणि छोटा शेतकरी यांचा आठवडा आठवडी बाजाराच्या दिवशी संपतो. बाजाराचा वार गावागणिक वेगळा असतो. मजुरीचा हिशेब, बाजारखर्चाची रक्कम, सोयऱ्यांची गाठभेट आणि देशी दारूचे दुकान हे सर्व पिढ्यान्‌पिढ्या त्याच दिवशी एकत्र येत आले आहे. खेड्यातील मद्यपान साप्ताहिक असण्याचे कारण रोकड आणि दुकान या दोन्ही गोष्टी आठवड्यातून एकदाच हाती लागत, हे होते. त्यात संयमाचा भाग फारसा नव्हता.

नोकरदार वर्गाचा आठवडा निराळा आहे. राज्य शासनाच्या कार्यालयांना 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला आणि शनिवार-रविवार अशी जोडसुट्टी जिल्ह्याच्या व तालुक्याच्या ठिकाणी प्रथमच रूढ झाली. (महाविद्यालये यातून वगळली गेली, हे प्राध्यापक वाचकांस सांगण्याची आवश्यकता नाही.) कामासाठी पुण्याकडे गेलेल्या तरुणांचा आठवडा आणखी वेगळा असतो. तेथील अनेक कारखान्यांत गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते. अशा स्थितीत 'तुम्ही शनिवार-रविवारी मद्यपान करता का?' हा प्रश्न एकाच कुटुंबातील वडील, थोरला मुलगा आणि धाकटा मुलगा यांना विचारला, तर तिघांचीही उत्तरे खरी असू शकतात आणि तरीही ती परस्परांशी तुलनीय नसतात.

एका क्वार्टरचे गणित

साप्ताहिक मद्यपानाकडे दुर्लक्ष होण्याचे दुसरे कारण सरासरी काढण्याच्या पद्धतीत आहे. विदेशी मद्य या वर्गातील व्हिस्की किंवा रम यांत मद्यार्काचे प्रमाण सामान्यतः आकारमानाने 42.8 टक्के असते. 180 मिलिलिटरच्या बाटलीत, म्हणजे बोलभाषेतील एका क्वार्टरमध्ये, सुमारे 77 मिलिलिटर शुद्ध मद्यार्क असतो आणि त्याचे वजन सुमारे 61 ग्रॅम भरते. जागतिक आरोग्य संघटना एका बैठकीत 60 ग्रॅम किंवा त्याहून अधिक मद्यार्क घेण्यास 'एका प्रसंगी अतिमद्यपान' मानते. बाजाराच्या दिवशी एक क्वार्टर संपविणारा मनुष्य ही मर्यादा त्या एका संध्याकाळीच ओलांडतो. मात्र तेच 61 ग्रॅम सात दिवसांत विभागले, तर दररोजची सरासरी 9 ग्रॅमपेक्षाही कमी येते. एक प्रमाणित पेय 10 ग्रॅमचे धरले जात असल्याने हा मनुष्य कागदावर 'दिवसाला एका पेयाहून कमी घेणारा' ठरतो. रात्री बाजाराहून मोटारसायकलने परतताना होणारा अपघात, त्या रात्रीची घरातील मारहाण आणि दुसऱ्या दिवशी बुडालेली मजुरी यांचा त्या सरासरीत मागमूस राहत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मद्यपानाची वारंवारिता 'जवळजवळ दररोज', 'आठवड्यातून साधारण एकदा' आणि 'आठवड्यातून एकदापेक्षा कमी' अशा तीन गटांत विचारली जाते. हे वर्गीकरण उपयुक्त आहे, परंतु त्या एका दिवशी किती घेतले, हे त्यातून कळत नाही. आणि बाजाराच्या दिवसापुरते तेच तर कळायला हवे.

तीन परिणामांची गुंतागुंत

वयोगटांतील फरक तीन कारणांनी पडू शकतो. पहिला वयाचा परिणाम : शरीर, जबाबदारी आणि मिळकत यांत वयानुसार होणारे बदल. दुसरा काळाचा परिणाम : एखादा कायदा, दुकानांची संख्या किंवा टाळेबंदी यांचा सर्व वयांच्या लोकांवर एकाच वेळी होणारा परिणाम. तिसरा पिढीचा परिणाम : विशिष्ट वर्षांत जन्मलेल्यांनी तारुण्यात जे पाहिले, ते पुढे आयुष्यभर सवयीच्या रूपाने टिकून राहणे. चालू वर्षातून जन्मवर्ष वजा केले की वय मिळते. म्हणून एकाच वर्षी केलेल्या पाहणीत हे तीन घटक अलग करता येत नाहीत. 2025 मधील साठ वर्षांचा मनुष्य वीस वर्षांच्या मुलाहून कमी मद्यपान करतो, ते वयामुळे की तो 1965 मध्ये जन्मला म्हणून, हे ती पाहणी सांगू शकत नाही.

बुलडाणा जिल्ह्यात पिढीचा परिणाम विशेष तीव्र असण्याचे कारण इतिहासात आहे. वऱ्हाड 1853 मध्ये इंग्रजी प्रशासनाखाली आले आणि अबकारी हे महसुलाचे साधन बनले. 1938 मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडात दारूबंदीचा कायदा झाला. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आला आणि 1959 च्या विस्तार अधिनियमाने 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा येथे लागू झाला. साठच्या दशकात ही बंदी शिथिल होत गेली आणि 1973 च्या महाराष्ट्र देशी दारू नियमांनी परवानाधारक देशी दारूच्या दुकानाला चौकट मिळाली.

या सनावळीवर जन्मवर्षे ठेवून पाहावीत. 1940 च्या सुमारास जन्मलेला पुरुष विशीत आला, तेव्हा दारू म्हणजे चोरून आणलेली हातभट्टी किंवा सातपुड्याच्या पायथ्याकडील मोहाची दारू होती. पिणे ही लपवायची गोष्ट होती. 1955 मध्ये जन्मलेला मनुष्य अठराव्या वर्षी पोहोचतो तो नेमका 1973 मध्ये. त्याच्यापुढे दुकान उघडे आहे, बाटलीवर शिक्का आहे आणि बाजाराचा दिवस ठरलेला आहे. 1988 च्या आसपास जन्मलेल्यांच्या तारुण्यात मोटारसायकल, रस्त्यावरचे ढाबे आणि विदेशी मद्य आले. बाजाराच्या गावाचे अंतर हाच ज्या सवयीवरचा लगाम होता, तो येथे सैल झाला. 2005 मध्ये जन्मलेल्या मुलाला मजुरी किंवा घरून येणारा पैसा मोबाइलवर मिळतो आणि रोकड मिळण्याचा असा वार त्याच्या आयुष्यात उरलेलाच नाही. हे चौघे जर एकाच सारणीत 'वयोगट' म्हणून मांडले, तर सारणी वयाची दिसते आणि प्रत्यक्षात ती कायद्याच्या व रस्त्यांच्या इतिहासाची असते.

पिढीचा हा परिणाम किती मोठा असू शकतो, याचा पुरावा शेजारच्या गोव्यातून मिळतो. उत्तर गोव्यातील पुरुषांच्या एका लोकसंख्याधारित अभ्यासात (पिल्लई, पटेल व सहकारी, 2014) 1956 ते 1960 या काळात जन्मलेल्या मद्यपींपैकी 19.5 टक्क्यांनी किशोरवयात मद्यपानास प्रारंभ केला होता. 1981 ते 1985 मध्ये जन्मलेल्यांत हे प्रमाण 74.3 टक्के होते. गोव्याची मद्यसंस्कृती बुलडाण्याहून सर्वस्वी भिन्न आहे, त्यामुळे हे आकडे येथे लावता येणार नाहीत. परंतु पंचवीस वर्षांच्या अंतराने जन्मलेल्या दोन पिढ्यांचे वर्तन इतके बदलू शकते, तर धाकटी पिढी साठीला पोहोचल्यावर आजच्या साठीतील माणसासारखी वागेल, असे मानण्यास आधार राहत नाही.

त्याच व्यक्तींना वर्षानुवर्षे विचारत राहिल्यास वयाचा परिणाम बऱ्याच अंशी वेगळा दिसतो. ब्रिटनमधील नऊ दीर्घकालीन अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण (ब्रिटन व सहकारी, 2015) याचे उत्तम उदाहरण आहे. त्यात पुरुषांचे मद्यपान पंचविशीच्या आसपास शिखर गाठते, मध्यम वयात स्थिरावते आणि साठीच्या सुमारास उतरू लागते. मात्र प्रमाण घटत असतानाच वारंवारिता वाढते. तारुण्यात आठवड्यातून एखाद-दुसऱ्या दिवशी भरपूर घेणारे उतारवयात थोडे थोडे, पण जवळजवळ दररोज घेऊ लागतात. 'वयाबरोबर मद्यपान घटते' आणि 'वयाबरोबर मद्यपान वाढते' ही दोन्ही विधाने तेथे एकाच वेळी खरी ठरतात. काय मोजले, यावर ते अवलंबून असते. शिवाय उतारवयात शरीरातील पाण्याचे प्रमाण कमी होत असल्याने तेवढ्याच मद्याने रक्तातील मद्यार्काची पातळी अधिक चढते. मधुमेह व रक्तदाबाची औषधे सुरू असलेल्या माणसाला पूर्वीची अर्धी मात्राही जड जाऊ शकते.

सोडणारे आणि न उरलेले

वऱ्हाडात मद्यपान सोडण्याची एक प्रतिष्ठित वाट आहे. ती म्हणजे माळ घालणे. शेगावचे श्री गजानन महाराज संस्थान, तेथून आषाढीसाठी पंढरपूरला पायी जाणारी पालखी आणि गावोगावचे हरिनाम सप्ताह यांमुळे तुळशीची माळ घातलेला मनुष्य मांस व मद्य वर्ज्य करतो, हे सर्वमान्य आहे. व्यसनमुक्ती केंद्रात जाणाऱ्याला 'हा दारुडा होता' हे कबूल करावे लागते; माळ घालणाऱ्याला काहीच कबूल करावे लागत नाही. सोबत्यांचा आग्रहही माळेपाशी थांबतो. मुलीचे लग्न ठरणे, नातू होणे किंवा मोठे आजारपण यांच्या आगेमागे माळ घातली जाते, असे सर्वसाधारणपणे दिसते. याला वयाचा परिणाम म्हणता येईल. परंतु तो शरीरातून आलेला नसून संप्रदायाने उपलब्ध करून दिलेला आहे. ज्या समाजगटात ही वाट नाही, तेथे तो गृहीत धरता येणार नाही. श्रावणातील विराम हा याच जातीचा, पण अल्पकालीन. आषाढ अमावास्येला आणि पोळ्याच्या करीला होणारे मद्यपान या विरामाच्या दोन्ही टोकांना असते, म्हणून पाहणी कोणत्या महिन्यात केली यावरही उत्तर बदलते.

सर्वांत गंभीर त्रुटी मात्र निराळीच आहे. साठीच्या वयोगटात फक्त जिवंत राहिलेले पुरुष असतात. यकृताच्या विकाराने चाळिशीत गेलेला, बाजाराहून परतताना अपघातात सापडलेला किंवा आत्महत्या केलेला मनुष्य त्या सारणीत नसतो. जे सर्वाधिक पीत होते, त्यांतील बरेच जण गळाल्यानंतर उरलेल्यांची सरासरी कमी येणे यात सावरण्याचा काहीही संबंध नाही.

येथे बुलडाण्याचा एक दुखरा संदर्भ येतो. 2006 च्या पंतप्रधान पॅकेजमधील पश्चिम विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत बुलडाण्याचा समावेश होता. शेतकरी आत्महत्येच्या प्रकरणात 1 लाख रुपयांची मदत मिळण्यासाठी कर्जबाजारीपणा सिद्ध व्हावा लागतो आणि प्रकरणे 'पात्र' व 'अपात्र' ठरतात. मृताचे मद्यपान सांगितल्यास प्रकरण अपात्र ठरेल, ही भीती कुटुंबाला असते. याउलट मृत्यूचे खापर दारूवर फोडून शेतीचे संकट नाकारण्याचीही प्रवृत्ती आहे. या दोहोंमध्ये मृताच्या वास्तविक सवयीची नोंद कोठेच होत नाही. विधवेला त्याविषयी विचारणाऱ्या संशोधकाने आपल्या प्रश्नाची किंमत तिच्यासाठी काय आहे, हे आधी ओळखले पाहिजे.

काळाचे धक्के

काळाचा परिणाम अचानक घडलेल्या घटनांत स्वच्छ दिसतो. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर 2016 च्या आदेशानुसार 1 एप्रिल 2017 पासून महामार्गांलगतची मद्यविक्री बंद झाली. पुढे तीत सवलती मिळाल्या. मार्च 2020 च्या टाळेबंदीत दुकाने आणि आठवडी बाजार दोन्ही एकदमच थांबले. अशा काळात मध्येच झालेली पाहणी पुढील-मागील पाहण्यांशी सरळ जोडता येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयोगटातील मद्यपी पुरुषांचे देशातील प्रमाण 2005-06 मध्ये 32 टक्के, 2015-16 मध्ये 29 टक्के आणि 2019-21 मध्ये 22 टक्के नोंदले गेले. शेवटच्या फेरीचे क्षेत्रकाम टाळेबंदीने दोन भागांत तोडले होते. नोंदलेली घट किती खरी आणि सांगण्यातील संकोच किती, हा प्रश्न त्यामुळे खुला राहतो.

पाहणीची रचना

संकोचाचे एक कारण महाविद्यालयातच आहे. महाराष्ट्रात बिअरसाठी 21 आणि कडक मद्यासाठी 25 वर्षे ही वयोमर्यादा असून कायदा आजही 'दारूबंदी' या नावाचाच आहे. बावीस वर्षांच्या विद्यार्थ्याने क्वार्टर घेतल्याचे सांगणे म्हणजे बेकायदा कृत्याची कबुली आपल्याच प्राध्यापकाला देणे होय. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात विद्यार्थ्यांनी भरून घेतलेल्या प्रश्नावलीची स्थितीही फारशी वेगळी नसते. नाव नसलेली, पेटीत टाकावयाची चिठ्ठी हा साधा उपाय तेथे अधिक विश्वासार्ह ठरतो.

प्रश्नात 'दररोज किती' याऐवजी 'मागील बाजाराच्या दिवशी किंवा मागील सुट्टीच्या दिवशी किती' असे विचारावे आणि उत्तर पेल्यांत न घेता बाटलीच्या मापात घ्यावे. वयाबरोबर जन्मवर्ष व पहिल्यांदा मद्य घेतल्याचे वय नोंदवावे. कधीच न घेणारे आणि घेणे सोडलेले यांचे स्तंभ वेगळे ठेवावेत, कारण एकत्र केल्यास माळकरी आणि यकृताचा रुग्ण एकाच रकान्यात बसतात. पाच वर्षांनी त्याच गावात, त्याच महिन्यात, शक्य तितक्या त्याच व्यक्तींकडे पुन्हा जावे. जे भेटणार नाहीत, त्यांची नावे ग्रामपंचायतीच्या जन्म-मृत्यू नोंदवहीशी ताडून पाहावीत. स्थलांतरित कोण आणि मृत कोण, हे ठरविण्यास त्या वहीची काही अंशी मदत होते.