उंबरठ्यावरचे अनाहूत

‘लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून’ ही म्हण रूढ झाली, त्या काळी घरबांधणीच्या तापांत दूरध्वनीची गणना नव्हती. आता ती करावी लागेल.

आमच्या सामरवरणी-सिल्वासा परिसरात कारखानदारीपाठोपाठ निवासी संकुले उभी राहिली. नोकरीनिमित्त आलेली अनेक मराठी कुटुंबे कर्ज काढून तेथे घर घेतात. किल्ली हाती पडते न पडते तोच फोन सुरू होतात. कुणी पडदे विकतो, कुणी स्वयंपाकघरातील कपाटे, कुणी विमा, तर कुणी आहे ते कर्ज फेडण्यासाठी नवे कर्ज! आपला प्रदेश दूरसंचाराच्या गुजरात मंडळात मोडत असल्याने बोलणे बहुधा गुजराती वा हिंदीत चालते. दुपारी घरी एकट्या असलेल्या आजी अर्धे समजून, अर्धे न समजून, केवळ शिष्टाचार म्हणून ‘हां, हां’ म्हणतात आणि फोन वाढतच जातात.

आपला क्रमांक या मंडळींना कोठून मिळतो? पुष्कळदा तो आपणच दिलेला असतो. घर पाहायला गेलो तेव्हाची नोंदवही, प्रदर्शनातील सोडतीचे कूपन, अर्जातील बारीक अक्षरांतली संमती, या त्याच्या वाटा होत. म्हणून सही करण्यापूर्वी ते कलम वाचावे आणि नको असल्यास खोडण्यास सांगावे.

या उपद्रवावर कायद्याचा उपाय आहे. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००७ साली यासाठी पहिले विनियम केले. २०१० व २०१८ साली ते अधिक कडक झाले. १९०९ या क्रमांकावर फोन करून, अथवा ‘स्टार्ट’ हा इंग्रजी शब्द व पुढे शून्य असा संदेश पाठवून, सर्व व्यापारी फोन नाकारता येतात. केवळ विमा-बँका किंवा केवळ घरबांधणी, असे विषयवार नाकारण्याचीही सोय आहे. मात्र ज्याला आपण स्वतः संमती दिली, त्याला ही नोंद अडवीत नाही. ती संमती वेगळी मागे घ्यावी लागते.

जाहिरातीच्या फोनांसाठी १४० ने, तर बँकांसारख्या संस्थांच्या सेवाविषयक फोनांसाठी १६०० ने सुरू होणारे क्रमांक ठरविले आहेत. साध्या दहा आकडी क्रमांकावरून विक्री करणे नियमबाह्य होय. तसा फोन आल्यास क्रमांक, तारीख व मजकूर टिपून १९०९ वर तक्रार करावी. २०२५ च्या दुरुस्तीने त्यासाठी सात दिवसांची मुदत मिळाली आहे. पैसे गेले असतील तर मात्र क्षणाचाही विलंब न लावता १९३० वर कळवावे.

वैतागून अनोळखी क्रमांक उचलणेच सोडून देणारी घरे मी पाहतो. त्यातला धोका मोठा आहे. मुंबई-पुण्यास शिकणाऱ्या मुलाचा मित्र किंवा रुग्णालयातील परिचारिका अनोळखी क्रमांकावरूनच बोलणार! तेव्हा फोन जरूर घ्यावा; परंतु घरातील वडीलधाऱ्यांना एकच वाक्य शिकवून ठेवावे: ‘आम्हांला नको, पुन्हा फोन करू नका.’ पलीकडेही पोटासाठी राबणारा कुणाचा तरी मुलगा वा मुलगी असते. त्यांच्यावर ओरडू नये. पण ‘हो’ही म्हणू नये, आणि बँकेच्या नावाने कुणी विचारले तरी संदेशात आलेले आकडे सांगू नयेत. नकार सौम्य असावा, परंतु तो नकारच असावा.