अपस्माराची आहारचिकित्सा : मुलाचे सुख कसे मोजावे?

ज्वर किती आहे हे तापमापकावरून कळते, आणि वजन काट्यावरून कळते. परंतु आजारी मुलाचे जीवन पूर्वीपेक्षा सुखाचे झाले की नाही, हे कोणत्या मापाने ठरवावे? अपस्मारावरील आहारचिकित्सेने हा प्रश्न वैद्यकशास्त्रापुढे ठळकपणे उभा केला आहे.

अपस्मार, म्हणजे बोलीभाषेतील फेफरे किंवा मिरगी, हा मेंदूचा विकार होय. मेंदूतील पेशी सूक्ष्म विद्युत्‌संदेशांच्या साहाय्याने कार्य करतात. हे संदेश एकाएकी अनावर झाले म्हणजे झटका येतो. बहुतेकांचे झटके औषधांनी आटोक्यात येतात. परंतु सुमारे एक तृतीयांश रुग्णांना औषधांचा पुरेसा गुण येत नाही. अशा मुलांपैकी काहींना विशिष्ट आहार देऊन पाहतात.

उपवासाने झटके कमी होतात, हे प्राचीन काळापासून माहीत होते. परंतु वाढत्या मुलाला उपाशी कसे ठेवावे? १९२१ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील डॉ. रसेल वाइल्डर यांनी यावर तोड सुचविली. आहारातील पिष्टमय पदार्थ अगदी कमी करून स्निग्ध पदार्थ पुष्कळ वाढविले, तर शरीर उपवासातल्याप्रमाणेच चरबी जाळू लागते. यकृतात कीटोन नावाची द्रव्ये तयार होतात आणि मेंदू आपली गरज बऱ्याच अंशी त्यांवर भागवितो. या आहाराच्या मूळ पद्धतीत ४ ग्रॅम स्निग्धांमागे प्रथिने व पिष्टमय पदार्थ मिळून केवळ १ ग्रॅम असतो. १९३८ साली फेनिटॉइन हे औषध प्रचारात आल्यावर हा कष्टाचा आहार मागे पडला. १९९० नंतर त्याकडे पुन्हा लक्ष वळले.

आहाराचा गुण येतो काय, याची रीतसर परीक्षा झाली आहे. २००८ साली लंडनमधील संशोधकांनी १४५ मुलांवरील प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तीन महिन्यांनंतर आहार घेणाऱ्या ३८ टक्के मुलांचे झटके निम्म्याहून कमी झाले होते. आहार न घेणाऱ्यांत हे प्रमाण ६ टक्के होते. नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत १०२ मुलांवर याच जातीचा, पण थोडा सैल असा सुधारित अ‍ॅटकिन्स आहार वापरून पाहण्यात आला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात हेच प्रमाण अनुक्रमे ५२ व ११.५ टक्के आढळले.

हे आकडे महत्त्वाचे खरे. परंतु ते झटक्यांचे आकडे आहेत, मुलाच्या दिवसाचे नव्हेत. असे समजा की, एका मुलाचे झटके निम्मे झाले, पण ताट पुढे येताच ते रडू लागते. दुसऱ्याचे झटके थोडेच उणावले, पण ते आता धड्याकडे लक्ष देते व रात्री शांत झोपते. अधिक लाभ कोणाला झाला? आहारावरील मुलांची चिडचिड कमी होऊन तरतरी वाढते, असे मेयो क्लिनिकमधील डॉ. पीटरमन यांनी १९२० नंतरच्या दशकातच नोंदविले होते. उलटपक्षी, या आहाराची किंमतही मोठी असते. प्रत्येक घास तोलून द्यावा लागतो. भात, पोळी, साखर यांवर कडक बंधन येते. वाढदिवसाची मिठाई नाही, शाळेत मित्राच्या डब्यातला घास नाही. बद्धकोष्ठ, मूत्रपिंडातील खडे, खुंटणारी वाढ यांवर लक्ष ठेवावे लागते. म्हणूनच वैद्य व आहारतज्ज्ञ यांच्या देखरेखीवाचून हा आहार सुरू करणे धोक्याचे असते.

लाभ आणि किंमत यांचा ताळेबंद मांडण्यासाठी प्रश्नावल्या तयार झाल्या. २००० साली ऑस्ट्रेलियात तयार झालेल्या एका प्रश्नावलीत मुलाची स्मरणशक्ती, मनःस्थिती, खेळ, मैत्री यांविषयी पालकांना विचारले जाते. उत्तरे ‘नेहमी’पासून ‘कधीच नाही’पर्यंत असतात, त्यांना गुण देऊन ० ते १०० यांमधील एक अंक काढतात. २०१५ मध्ये तिची ५५ प्रश्नांची आटोपशीर आवृत्ती निघाली. कॅनडातील संशोधकांनी वेगळा मार्ग धरला. अपस्मार असलेल्या मुलांनाच त्यांनी बोलते केले आणि त्यांच्या बोलण्यातून २००३ साली २५ प्रश्नांची प्रश्नावली सिद्ध केली. आजार लपवून ठेवावासा वाटतो काय, हा विषय तीत आला, तो मुलांमुळेच.

या मापांनाही मर्यादा आहेत. पालकांचे उत्तर आणि मुलाचे उत्तर पुष्कळदा जुळत नाही. आई झटके पाहते. वर्गात वाटणारी लाज तिला दिसत नाही. शिवाय औषधाच्या परीक्षेत नकली गोळी देता येते, तसा आहार लपविता येत नाही. त्यामुळे पालकांची आशा उत्तरांत उतरू शकते. आहाराबरोबर औषधांची मात्रा कमी केली असेल, तर आलेली तरतरी कशाची, हेही सांगणे अवघड होते. एका देशात रचलेले प्रश्न दुसऱ्या देशात नुसते भाषांतर करून चालत नाहीत. तेथील मुलांवर ते पारखून घ्यावे लागतात. आणि आहारापूर्वीची स्थिती मोजलेली नसेल, तर नंतरच्या अंकाला अर्थ उरत नाही.

साधारणपणे तीन महिन्यांनंतर आहार चालू ठेवावा की सोडावा, हे ठरवितात. उपयोग झाल्यास तो सुमारे दोन वर्षे देतात. त्या निर्णयाच्या वेळी झटक्यांच्या नोंदवहीशेजारी मुलाचे स्वतःचे म्हणणेही असले पाहिजे. या अंकाचा एक भाग तर औषधाच्या वा आहाराच्या हाती नाहीच. ‘मित्र तुला खेळायला घेतात काय?’ या प्रश्नाचे उत्तर वर्गातील सोबती आणि शिक्षक ठरवितात.