तिसरा दिवा : माणसांना विचारावे की रस्त्याला?

रस्त्याने जाताना पुढच्या मोटारीकडे नीट पाहा. चालकाने ब्रेक लावला की तिच्या मागच्या बाजूला डावी-उजवीकडचे दोन तांबडे दिवे प्रखर होतात आणि त्याच क्षणी मागच्या काचेपाशी, मधोमध, आणखी एक तांबडा दिवा लागतो. हा तिसरा दिवा पूर्वी मोटारींना नसे. तो कोणाला सुचला, त्याची गरज आहे हे कसे ठरवले आणि त्याने खरोखर किती अपघात टळले, ही हकिकत मोठी उद्बोधक आहे. एखादी नवी वस्तू लोकांना हवी आहे का आणि ती उपयोगी आहे का, हे दोन प्रश्न किती वेगळे आहेत हे तिच्यावरून कळते.

आधी थोडे गणित करू. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार सेकंदाला सुमारे १७ मीटर अंतर तोडते. पुढची गाडी थांबते आहे हे डोळ्यांना दिसणे, मेंदूला उमगणे आणि पाय ब्रेकवर जाणे यात एक सेकंद गेला, तर तेवढ्यात आपली गाडी १७ मीटर पुढे गेलेली असते. म्हणून सूचना जितकी लवकर आणि जितकी स्पष्ट मिळेल तितके चांगले. खालच्या दोन दिव्यांची अडचण अशी की, रात्री तेच दिवे मंद प्रकाशाने सतत जळत असतात. अमेरिकेत तर अनेक गाड्यांवर वळण्याची खूणही त्याच तांबड्या दिव्याने केली जाते. मग दिवा प्रखर झाला तो ब्रेकमुळे की वळणासाठी, असा घोटाळा होऊ शकतो. उंचावरचा मधला दिवा मात्र मागच्या चालकाच्या नजरेच्या रेषेत असतो, आणि तो लागला की त्याचा अर्थ एकच : गाडी थांबते आहे. शिवाय मधल्या गाडीच्या काचांतून तिच्याही पुढच्या गाडीचा दिवा दिसू शकतो.

आता समजा, असा दिवा तुम्हालाच सुचला आहे. तो बनवण्यापूर्वी त्याला मागणी येईल का हे तुम्हाला पाहायचे आहे. तुम्ही वही-पेन्सिल घेऊन शेजारच्या रिक्षावाल्या काकांकडे जाता आणि विचारता, "काका, मी एक नवा दिवा शोधला आहे. तुम्ही विकत घ्याल का?" काका हसून म्हणतात, "अरे वा! छानच आहे की. घेऊ, घेऊ!" तुम्ही वहीत लिहिता : मागणी आहे.

ही नोंद फसवी आहे. काका खोटे बोलले नाहीत. त्यांनी तुमचे मन राखले. शेजारच्या मुलाला तोंडावर "नको" कोण म्हणेल? दुसरे असे की, "घेऊ" हे भविष्याविषयीचे बोलणे आहे. त्याला आज एक पैसाही पडत नाही. पण प्रश्न थोडा बदलून पाहा.

"काका, गेल्या आठवड्यात कधी एकदम ब्रेक लावावा लागला का?"

"लागला की. परवाच चौकात कुत्रे आडवे आले."

"मग मागच्याला कळावे म्हणून तुम्ही काय केलेत?"

"काय करणार? सवयीने हात बाहेर काढून खालीवर हलवला. तरी मागचा स्कूटरवाला थोडक्यात वाचला बघ!"

या संभाषणात तुम्ही दिव्याचे नावही काढले नाही. तरी कितीतरी अधिक कळले. अडचण खरी आहे, ती नुकतीच घडली आहे आणि काकांनी तिच्यावर हाताने खूण करण्याचा स्वतःचा उपायही योजला आहे. जिथे माणसे आपल्या परीने काही ना काही उपाय करत असतात, तिथे गरज असल्याचा पुरावा भक्कम समजावा. चौकशीचा नियम असा सांगता येईल : आपल्या कल्पनेचे कौतुक विचारू नका, समोरच्याच्या आयुष्यात काय घडले ते विचारा, आणि "कराल का?" याऐवजी "काय केलेत?" असे विचारा.

तरीही येथे एक गोम आहे. घड्याळ ज्याने घ्यावे, वेळ त्यालाच दिसते. ब्रेकचा दिवा मात्र ज्याच्या गाडीवर असतो त्याला दिसतच नाही. तो दिसतो मागच्याला! पैसे एकाने द्यायचे आणि सूचना दुसऱ्याला मिळायची, अशी ही वस्तू आहे. गिऱ्हाईक म्हणेल, "मागच्याने नीट पाहावे, मी का खर्च करू?" म्हणून अशा वस्तूच्या बाबतीत मागणी कमी दिसली म्हणजे उपयोग कमी, असा निष्कर्ष काढता येत नाही. उलट सर्वांनी "हवा" म्हटले तरी दिव्याने धडका कमी होतील, हेही सिद्ध होत नाही. तो प्रश्न माणसांना नव्हे, रस्त्याला विचारावा लागतो.

जॉन व्होएव्होडस्की या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने नेमके हेच केले. सॅन फ्रान्सिस्को शहरातील ३४३ टॅक्सींना त्याने ब्रेकची सूचना देणारा जादा दिवा बसवला आणि १६० टॅक्सी तुलनेसाठी तशाच ठेवल्या. कोणत्या चालकाला कोणती टॅक्सी मिळेल हे त्याच्या निवडीवर ठेवले नव्हते. हे फार महत्त्वाचे आहे. सावध चालकांनीच दिव्याच्या टॅक्सी मागून घेतल्या असत्या, तर कमी अपघातांचे श्रेय दिव्याला द्यावे की चालकांना, हे सांगता आले नसते. दहा महिन्यांनंतर हिशेब केला तेव्हा दिव्याच्या टॅक्सींना मागून बसलेल्या धडका दुसऱ्या गटापेक्षा ६०.६ टक्क्यांनी कमी निघाल्या. हा प्रयोग १९७४ साली प्रसिद्ध झाला.

पुढे अमेरिकन सरकारच्या महामार्ग वाहतूक सुरक्षा खात्याने टॅक्सी आणि कंपन्यांच्या मोटारींवर आणखी मोठे प्रयोग करवले. पुढची गाडी ब्रेक लावत असताना मागून बसणाऱ्या धडका त्यांत ४८ ते ५४ टक्क्यांनी कमी झालेल्या आढळल्या. या पुराव्याच्या आधारे १९८६ च्या नमुन्यांपासून अमेरिकेतील प्रत्येक नव्या मोटारीला तिसरा दिवा सक्तीचा झाला. १९९४ च्या नमुन्यांपासून हलक्या मालवाहू गाड्यांनाही तो नियम लागू झाला.

गोष्ट येथे संपली असती तर ती सुखाची, पण अपुरी ठरली असती. कायदा झाल्यावरही मोजणी चालूच राहिली. लक्षावधी गाड्यांवर दिवा आल्यानंतर १९८७ साली मागून बसणाऱ्या धडकांमधील घट अवघी ८.५ टक्के आढळली आणि १९८९ ते १९९५ या काळात ती सुमारे ४.३ टक्क्यांवर येऊन स्थिरावली. कोठे ६० आणि कोठे ४!

मग पहिले प्रयोग खोटे होते काय? नाही. सत्तरच्या दशकात असा दिवा शहरात थोड्याच गाड्यांवर होता. अनोळखी दिवा दिसताच मागचा चालक चमकून पाही. प्रत्येक गाडीवर तो आल्यावर डोळ्यांना त्याची सवय झाली. "नव्याचे नऊ दिवस" ही आपली म्हण येथे तंतोतंत लागू पडते. प्रयोगात दिव्याचा गुण आणि नवेपणाचा गुण एकत्र मोजला गेला होता. काळ गेला तसा नवेपणा झडला आणि दिव्याचा खरा गुण तेवढा उरला.

उरला तो गुणही क्षुल्लक समजू नका. ४.३ टक्के म्हणजे दर हजार धडकांमागे ४३ टळल्या. अमेरिकेतील सर्व मोटारी आणि हलक्या मालवाहू गाड्यांवर हा दिवा आला की वर्षाला ५८,००० ते ७०,००० माणसे जखमी होण्यापासून वाचतील आणि सुमारे ६५.५ कोटी डॉलरचे नुकसान टळेल, असा अंदाज १९९८ च्या सरकारी अहवालात केला होता. दिव्यांचा वार्षिक खर्च होता सुमारे २०.६ कोटी डॉलर. पण एक ध्यानात घ्या. एखाद्या ताफ्यात वर्षाला ५० धडका होत असतील, तर त्यातील ४ टक्के म्हणजे दोनच. एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. म्हणून लहान पण खरा परिणाम ओळखायला फार मोठी मोजणी लागते.

दिव्यात पुढे सुधारणाही झाली. तारेचा साधा बल्ब पूर्ण प्रखर व्हायला सुमारे ०.२ सेकंद लागतात. प्रकाश देणारा अर्धवाहक डायोड, म्हणजे एलईडी, जवळजवळ तत्क्षणी उजळतो. ताशी ९० किलोमीटर वेगाला गाडी सेकंदाला २५ मीटर जाते. म्हणजे ०.२ सेकंदात पाच मीटर, एका मोटारीच्या लांबीहूनही थोडे अधिक! तेवढे अंतर मागच्या चालकाला फुकट मिळते.

आता एक उपक्रम. ब्रेक लागला की मोटारीच्या पुढच्या बाजूलाही एक दिवा लागावा, अशी कल्पना करा. रस्ता ओलांडणाऱ्याला गाडी थांबते आहे की नाही हे त्यावरून कळेल. याची गरज आहे का, याची चौकशी तुमच्या वर्गाने करावी. चालकांना भेटा, पण सूचना ज्यांना मिळणार त्या पायी चालणाऱ्यांना, आजी-आजोबांना आणि शाळेत येणाऱ्या लहान मुलांनाही भेटा. "दिवा हवा का?" असे विचारू नका. "गेल्या वेळी रस्ता ओलांडताना गाडी थांबणार हे तुम्ही कशावरून ओळखले?" असे विचारा आणि उत्तर जसेच्या तसे लिहून घ्या. एका गटाने पहिला प्रश्न आणि दुसऱ्या गटाने दुसरा प्रश्न विचारून दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या, तर फरक आपोआप दिसेल. शिक्षकांनी त्यावर वर्गात चर्चा घ्यावी.

तुमची कल्पना चुकीची ठरवणारे उत्तर मिळाले तर तेही खोडू नका. रस्त्यावर तिचा उपयोग झाला नाही, तर त्याची किंमत दुसऱ्या कोणाला तरी मोजावी लागते.