सामाईक आणि बेवारशी : ट्योर्बेल ग्रामाची कुरणव्यवस्था

‘आल्प’ या शब्दाने परस्थास हिमाच्छादित शिखराचे स्मरण होते. तेथील जर्मनभाषी शेतकऱ्याच्या बोलीत मात्र त्याचा अर्थ उन्हाळ्यात गुरे चारण्याचे उंचावरील कुरण असा आहे. शिखर कोणाच्याच उपयोगाचे नसते. कुरणावर गावाचे जीवित अवलंबून असते. हा अर्थभेद ध्यानी घेतला म्हणजे ट्योर्बेल या खेड्याचा इतिहास समजणे सुकर होते.

ट्योर्बेल हे स्वित्झर्लंडच्या वालिस कॅंटनात, फिस्पा नदीच्या खोऱ्यावरील उतारावर, सुमारे १५०० मीटर उंचीवर वसले आहे. १ फेब्रुवारी १४८३ रोजी येथील रहिवाशांनी एक करारपत्र करून आल्प, अरण्य व पडीक जमीन यांच्या उपभोगाचे नियमन करणारी संस्था स्थापिली. परक्याने गावात जमीन खरेदी केली, तरी तेवढ्याने त्यास सामाईक कुरणावर वा लाकूडतोडीवर हक्क प्राप्त होणार नाही, असे त्यात स्पष्ट बजावलेले होते. त्यास सभासद करून घ्यावे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार गावकऱ्यांनी स्वतःकडे राखला होता.

येथे सर्वच जमीन सामाईक होती असे मात्र नाही. धान्याची शेते, बागा, द्राक्षमळे आणि गवताची राने खाजगी मालकीची असून ती वारसांत वाटली जात. याउलट, ज्या जमिनीचे उत्पन्न विरळ व अनिश्चित, जिचे तुकडे पाडणे गैरसोयीचे, ती कुरणे व अरण्ये सर्वांची म्हणून राखली गेली. एकाच गावाने मालकीचे दोन प्रकार शतकानुशतके शेजारी-शेजारी चालविले, हे विशेष होय.

या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे १५१७ चा नियम. हिवाळ्यात जितक्या गाई पोसता येतील, त्याहून अधिक गाई कोणीही आल्पवर पाठवू नयेत, असा तो नियम आहे. हिवाळ्याची वैरण खाजगी रानातून येत असल्यामुळे प्रत्येकाच्या सामाईक हक्काची मर्यादा त्याच्या स्वतःच्या गंजीनेच ठरे. उन्हाळ्यापुरती बाहेरची गुरे आणून नफा मिळविण्याचा मार्ग त्यामुळे बंद झाला. आल्पवर जाताच गाईंची मोजदाद होई व चीज त्याच प्रमाणात वाटले जाई. मर्यादा ओलांडणाऱ्यास दंड करण्याचा अधिकार एका अधिकाऱ्यास असे, आणि दंडाची निम्मी रक्कम त्यासच मिळे. देखरेख ही अशा रीतीने केवळ सद्भावनेवर सोडलेली नव्हती. लाकडाच्या बाबतीत तोडावयाची झाडे आधी खुणावून, तोडलेल्या लाकडाचे सारखे वाटे पाडीत व चिठ्ठ्या टाकून ते कुटुंबांना देत.

अमेरिकन मानवशास्त्रज्ञ रॉबर्ट नेटिंग यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात या व्यवस्थेचे सविस्तर विवेचन केले. तत्पूर्वी, १९६८ मध्ये, गॅरेट हार्डिन यांनी असा सिद्धांत मांडला होता की, सामाईक कुरणात प्रत्येक जण आपली गुरे वाढवीत जातो आणि अखेर सर्वांचाच नाश होतो. एलिनॉर ऑस्ट्रम यांनी १९९० मध्ये ट्योर्बेलचा दाखला देऊन दाखविले की, ही गती अटळ नाही. पुढे २००९ साली अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाने त्यांचा गौरव झाला. स्वतः हार्डिन यांनीही १९९४ मध्ये ‘अनियंत्रित’ हे विशेषण जोडून आपला सिद्धांत मर्यादित केला. म्हणजे वादाचे मूळ बरेचसे शब्दात होते. जे बेवारशी असते ते कोणीही लुटावे. जे सामाईक असते त्यास मालक असतात, मात्र ते अनेक असतात. मराठीत हे दोन शब्द भिन्न आहेत; इंग्रजीत ‘कॉमन्स’ हा एकच शब्द दोहोंचा भार वाहतो.

तथापि या व्यवस्थेकडे केवळ कौतुकाने पाहणे योग्य नव्हे. मर्यादित भूमीवर लोकसंख्येचा तोल सांभाळण्यासाठी उशिरा होणारे विवाह, पुष्कळांचे आजन्म अविवाहित राहणे आणि देशांतर यांचे मोल गावाने दिले. सभासदांतील समता ही परक्यास दाराबाहेर ठेवूनच साधली होती. कुरण टिकले, याचे श्रेय नियमांस द्यावयाचे असेल, तर ज्यांना त्या नियमांनी वगळले त्यांचीही नोंद इतिहासाच्या अभ्यासकाने घेतली पाहिजे.