पाळीव अजगराचे भक्ष्यसंवेदन व गिळण्याची क्रिया

पश्चिम व मध्य आफ्रिकेतील बॉल पायथन हा लहान आकाराचा अजगर अमेरिका व युरोपातील घरांत मोठ्या प्रमाणावर पाळला जातो. (भारतीय अजगर पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे.) अन्न देताना त्याने मालकाच्या हातास चावा घेतला, की त्याला कृतघ्न ठरविले जाते. वस्तुतः उंदीर हाताळलेल्या उबदार हाताला उंदराचाच गंध असतो, आणि अजगर आपले भक्ष्य प्रामुख्याने गंध व उष्णता यांवरूनच ओळखतो.

सापाची लपलपणारी जीभ ही धमकी नव्हे. ते त्याचे हुंगणे होय. जिभेने टिपलेले गंधकण टाळूतील जेकबसनच्या इंद्रियापर्यंत पोहोचतात. जिभेच्या दोन टोकांवरील गंधाच्या तीव्रतेतील फरकावरून माग कोणत्या बाजूस वळला हे त्यास उमगते. याखेरीज अजगराच्या ओठांवरील खवल्यांत उष्णतासंवेदी खळगे असतात. उंदराच्या देहातून निघणारी अवरक्त प्रारणे या खळग्यांतील चेतातंतूंना उद्दीपित करतात. त्यामागे 'टीआरपीए१' हे प्रथिन असल्याचे २०१० मध्ये दाखविण्यात आले. मेंदूत ही माहिती दृष्टीच्या माहितीशी जोडली जाते; म्हणून अंधारातही झेप अचूक पडते.

विळख्यात भक्ष्य गुदमरून मरते, ही समजूत दीर्घकाळ रूढ होती. तथापि बोआ कन्स्ट्रिक्टर या सापावरील २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, विळखा पडताच काही सेकंदांत उंदराचा रक्तप्रवाह कोलमडतो असे आढळले.

गिळताना जबडा 'निखळतो' हे विधानही चुकीचे आहे. खालच्या जबड्याचे दोन भाग हनुवटीपाशी हाडाने सांधलेले नसून लवचिक अस्थिबंधाने जोडलेले असतात. कवटी व जबडा यांमधील क्वाड्रेट हाडही हालते. वरच्या बाजूची दातयुक्त हाडे आलटून पालटून पुढे सरकतात, मागे वळलेले दात भक्ष्यात रुततात, आणि भक्ष्य आत ओढले जाण्यापेक्षा सापाचे डोकेच त्याच्यावर चढत जाते. बहुधा डोक्याकडून गिळल्यामुळे भक्ष्याचे पाय अंगालगत दुमडतात. तोंड पूर्ण भरलेले असताना श्वासनलिकेचे मुख पुढे सरकवून श्वसन चालू राहते.

पचनासाठी त्यास बाहेरील उबेची गरज असते. पिंजरा थंड राहिला किंवा कौतुकाने लगेच हाताळले, तर गिळलेला उंदीर तो ओकून टाकू शकतो.