आता कोच कोण?

29 डिसेंबर 2024 रोजी प्रो कबड्डीच्या अकराव्या पर्वाचा अंतिम सामना बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात झाला. हरियाणा स्टीलर्सने पाटणा पायरेट्सला 32-23 असं हरवलं. फायनल पुण्यात, पण पुणेरी पलटण प्लेऑफपर्यंतही पोचली नव्हती. त्याच वर्षी 1 मार्चला हैदराबादेत याच हरियाणाला 28-25 असं नमवून पलटणने पहिलंवहिलं विजेतेपद मिळवलं होतं. वर्ष सरायच्या आत विजेते घरी बसले आणि आमच्या कंपनीच्या बसमध्ये एकच विषय पेटला: आता कोच कोण?

मी भोसरीचा. चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मशीन शॉपला आहे. गावच्या संघातून खेळलो, आता पाळी जमेल तसा संध्याकाळी पोरांना शिकवतो. आमच्या भागात कबड्डी आणि कुस्ती ही घराघरातली गोष्ट आहे. त्यामुळे पलटणचा कोच हा आमच्यासाठी टीव्हीपुरता विषय नाही. मोशीपासून चाकणच्या तळेगाव चौकापर्यंत नाशिक रस्त्यावर गाडी मुंगीच्या पावलाने सरकते, आणि तेवढ्या वेळात बसमध्ये पूर्ण निवड समिती बसते. बीडची, लातूरची, खेड-जुन्नरची पोरं, आणि निवृत्तीला आलेले आमचे काका लोक. प्रत्येकाचा उमेदवार ठरलेला.

एक गट म्हणायचा, “रमेश सरांनाच ठेवा, कप त्यांनीच आणला.” बी. सी. रमेश म्हणजे भारताकडून खेळलेला, अर्जुन पुरस्कार मिळवलेला माणूस. 2019 मध्ये बंगाल वॉरियर्सला त्यांनी विजेतेपद मिळवून दिलं होतं. दुसऱ्या गटाला अनुप कुमार परत हवा होता. 2016 च्या विश्वचषकात भारताचा संघनायक तोच होता, आणि त्याच्या शांत डोक्याचे किस्से आमच्याकडे अजून सांगतात. तिसरा गट, बहुतेक वयाने मोठा, ठासून सांगायचा, “आपल्या मातीतला माणूस आणा की!” त्यांच्यासमोर दाखला होता अशोक शिंदे यांचा. 1990 च्या बीजिंग आशियाई स्पर्धेतल्या सुवर्णविजेत्या संघातले शिंदे 2016 मध्ये पलटणचे कोच होते. पहिल्या दोन पर्वांत तळाला राहिलेला संघ त्या वर्षी तिसऱ्या क्रमांकावर आला होता.

हे वाद मला मनापासून आवडतात. आठ तास मशीनवर उभं राहिलेली माणसं एखाद्या संघासाठी इतका जीव टाकतात, याचा अर्थ तो संघ त्यांचा आहे. पण या वादात बहुतेक वेळा दोनच गोष्टी मोजल्या जातात. उमेदवार खेळाडू म्हणून किती मोठा होता, आणि त्याच्या हाताखाली शेवटचा सामना जिंकला की हरला. माझं म्हणणं असं की कोच मोजायचा तर त्याने घडवलेल्या पोरांवरून मोजावा.

ज्यांनी कबड्डी फक्त वरवर पाहिली आहे त्यांच्यासाठी आधी कोचचं काम काय ते सांगतो. मॅटवर सात जण असतात. चढाईला तीस सेकंद. लागोपाठ दोन चढाया कोऱ्या गेल्या की तिसरी ‘डू ऑर डाय’: गुण आणा, नाहीतर बाद व्हा. समोर सहा किंवा सात जण असतील तरच बोनस मिळतो. तीन किंवा त्याहून कमी जण उरलेले असताना पकड केली तर सुपर टॅकल, म्हणजे एक गुण जास्त. सगळा संघ बाद झाला की लोण, त्याचे दोन गुण वेगळे. हा सगळा हिशोब चाळीस मिनिटं डोक्यात चालू ठेवायचा, तोही मॅटच्या बाहेर बसून. तिसऱ्या चढाईला कोणाला पाठवायचं, आघाडी असताना किती चढाया मुद्दाम कोऱ्या काढायच्या, कोपरारक्षक उतावळा झाला तर त्याला कधी बसवायचं, हे कोच ठरवतो.

आणि हे फक्त सामन्याच्या दिवसाचं काम. खरं काम त्याच्या किती तरी आधी, लिलावात आणि सरावात सुरू होतं. संघाकडे पैशांची मर्यादा असते. एका मोठ्या नावावर निम्मी रक्कम घातली तर बाकीचे खेळाडू स्वस्तात शोधावे लागतात. ‘न्यू यंग प्लेअर’ म्हणून कोवळी पोरं संघात घेता येतात, पण त्यासाठी ती कुठल्या गावच्या मैदानात खेळतात हे आधी माहीत लागतं. घेतलेलं पोरगं दोन पर्वं बाकावर बसलं तरी त्याच्यावर विश्वास ठेवावा लागतो.

आता पलटणचीच वही उघडू. 2019 मध्ये अनुप कुमार कोच झाला. त्या पर्वात संघ दहाव्या क्रमांकावर राहिला. पुढचं पर्व कोविडमुळे थेट 2021 च्या अखेरीस, सगळंच्या सगळं बंगळुरूत झालं. तिथे पलटण प्लेऑफला पोचली आणि यूपी योद्धाकडून हरली. गुणतक्त्यावरून पाहिलं तर अनुपचा काळ फिका वाटतो. पण पंकज मोहिते 2019 मध्ये पलटणमध्ये आला. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार आणि हरियाणाचा मोहित गोयत हे दोघं 2021 मध्ये नवखे म्हणून उतरले. 2022 मध्ये रमेश सर आले. ते 2017 मध्येही पलटणचे कोच होते, तेव्हा संघ प्लेऑफपर्यंत गेला होता. या वेळी त्यांनी त्याच पोरांना घेऊन फायनल गाठली. जयपूरने ती 33-29 अशी जिंकली. पुढच्याच पर्वात अस्लमच्या नेतृत्वाखाली विजेतेपद आलं.

त्या अंतिम सामन्यातला निर्णायक क्षण आठवा. लिलावात 2 कोटी 35 लाख रुपये मोजून आणलेला इराणचा मोहम्मदरेझा शादलुई संघात होता आणि त्या पर्वाचा सर्वोत्तम बचावपटूही तोच ठरला. पण फायनल फिरवली ती पंकज मोहितेने, एकाच चढाईत चार गुण आणून. दहाव्या क्रमांकाच्या पर्वात संघात आलेला हा पोरगा. कारखान्यात असं नेहमी होतं: पहिल्या पाळीचा सेटर तासन्‌तास खपून मशीन लावतो आणि उत्पादनाचा आकडा दुसऱ्या पाळीच्या नावावर चढतो. तो आकडा दोघांचाही आहे. रमेश सरांचं श्रेय यात तसूभरही कमी होत नाही. तयार माल हातात आला तरी त्याचा संघ बांधणं सोपं नसतं, आणि ते त्यांनी केलं. मात्र ‘अनुप नापास, रमेश पास’ असा शेरा मारणारा चाहता अर्धीच वही वाचतो.

विजेतेपदानंतर काय झालं तेही पाहा. शादलुई पलटणकडे राहिला नाही. हरियाणाने त्याला 2 कोटी 7 लाखांना घेतलं आणि त्याच पर्वात हरियाणा विजेती झाली. इकडे अस्लम गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर गेला. कणा आणि संघनायक दोन्ही नसलेला संघ घसरला, तर त्याचा सगळा भार एका कोचच्या डोक्यावर टाकणं न्यायाचं नाही.

आता मोठ्या खेळाडूचा प्रश्न. मोठा खेळाडू चांगला कोच होतो का? होतो. मनप्रीत सिंगने पाटण्याला संघनायक म्हणून जिंकवलं आणि पुढे हरियाणाला कोच म्हणून. जोगिंदर नरवालने दिल्लीसाठी दोन्ही भूमिकांत तेच केलं. पण ही अट नव्हे. सर्वांत मोठा दाखला आपल्या नाशिकच्या शैलजा जैन यांचा. भारतीय संघाच्या कोचपदासाठी त्यांचं नाव मागणारे चाहते कुठे दिसले नाहीत. इराणने मात्र त्यांना महिला संघ दिला. त्यांनी त्या मुलींना योग आणि प्राणायाम शिकवला, स्वतः फारसी शिकल्या. 2018 मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत इराणच्या महिलांनी भारताला 27-24 असं हरवून सुवर्ण नेलं. ज्या देशाने हा खेळ जगाला दिला, त्या देशाला एका मराठी प्रशिक्षक बाईंनी परदेशी संघ घेऊन हरवलं. आपल्या यादीत नाव नसलेला उमेदवारही सर्वोत्तम असू शकतो, हे त्या दिवशी सिद्ध झालं.

अमेरिकेत कॉलेजच्या बास्केटबॉल संघाचा कोच बदलायचा म्हटलं की गावंच्या गावं अशीच वाद घालतात. तिथला सर्वांत मानाचा कोच जॉन वुडन. 1948 मध्ये तो लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात आला आणि त्याचं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद 1964 मध्ये आलं. त्यानंतर 1975 पर्यंतच्या बारा मोसमांत त्याने एकूण दहा विजेतेपदं जिंकली. पाचव्या वर्षी त्याला घरी पाठवलं असतं तर यातलं काहीच झालं नसतं. पलटणने मात्र 2016 ते 2019 या चार वर्षांत चार कोच पाहिले: अशोक शिंदे, रमेश, आशन कुमार आणि अनुप. पोरांना एका पद्धतीची सवय होईपर्यंत पद्धत सांगणारा माणूस बदललेला असायचा.

2025 मध्ये पलटणने अजय ठाकूरच्या हाती संघ दिला. पद्मश्री मिळवलेला हा खेळाडू 2018 च्या आशियाई स्पर्धेत भारताचा संघनायक होता. आमच्या बसमध्ये त्याच्या नावावर बरीच नाकं मुरडली गेली. “खेळाडू मोठा, पण कोच म्हणून अनुभव काय?” असा सूर होता. त्या पर्वात पुण्यात एकही सामना नव्हता, त्यामुळे सगळं टीव्हीवरच पाहावं लागलं. संघ फायनलला पोचला आणि 31 ऑक्टोबरला दिल्लीत दबंग दिल्लीकडून 31-28 असा, अवघ्या तीन गुणांनी हरला. दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीच्या बसमध्ये पुन्हा तोच प्रश्न आला. मी तेव्हाही म्हणालो आणि आजही म्हणतो, या माणसाला वेळ द्या. त्या फायनलमध्ये आदित्य शिंदेसारखा तरुण चढाईपटू दडपणाखाली न डगमगता खेळला. ज्या संघात असं पोरगं पुढे येतं, तिथे कोचचं काम चालू आहे असं समजावं.

म्हणून माझी चाहत्यांना विनंती आहे. कोचपदासाठी कोणाचंही नाव घेण्याआधी तीन प्रश्न विचारा. याने याआधी कोणती नवखी पोरं पुढे आणली? संघनायक जखमी झाला तेव्हा याच्या बाकावरून कोण उठलं? आणि आपण त्याला किमान तीन पर्वं द्यायला तयार आहोत का?

हेच प्रश्न आपल्या गल्लीतही विचारा. पलटणचा कोच कोण असावा यावर आपण तासभर बोलतो. पण आपल्या वॉर्डातल्या शाळेत मुलामुलींना कबड्डी कोण शिकवतं, त्या माणसाला मानधन मिळतं का, त्याच्याकडे मॅट आहे की नाही, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असतं. भोसरी, मोशी, चिखली, चाकणच्या मैदानांवर संध्याकाळी पदरमोड करून शिकवणारी माणसं आहेत. अस्लम आणि पंकज अशाच कोणाच्या तरी हाताखाली पहिली चढाई शिकले. या रविवारी जवळच्या मैदानात जा, त्या माणसाला भेटा, आणि त्याला काय कमी पडतंय ते विचारा. पलटणचा पुढचा कोच निवडणं आपल्या हातात नाही, पण हे नक्की आहे.