घरी कोण आधी? ८५ गुणांचा हिशेब

मे १९४५ मध्ये युरोपातील युद्ध संपल्यावर घरी आधी कोणी परतावे, हे ठरवण्यासाठी अमेरिकी लष्कराने गुणपद्धती, म्हणजे सेवेचा आकड्यांत हिशेब मांडण्याची रीत, अवलंबिली; तीत सेवेच्या प्रत्येक महिन्याला १ गुण, तो महिना परदेशात गेल्यास आणखी १, मोहिमेच्या सन्मानचिन्हास वा ठरावीक पदकास ५ आणि अठरा वर्षांखालील प्रत्येक अपत्यास, तिघांपर्यंत, १२ गुण मिळत व प्रारंभी ८५ गुणांची अट असे. साहजिकच तीन मुलांचा बाप केवळ त्या नात्यानेच परदेशातील दीड वर्षाच्या सेवेइतके गुण मिळवी, आणि अविवाहित शिपायाला हे खुपले असल्यास नवल नाही. फ्रान्समधील ल हाव्र बंदराजवळच्या ज्या छावण्यांत पुढे जहाजाची वाट पाहावी लागे, त्यांना लकी स्ट्राइक, ओल्ड गोल्ड अशी चक्क सिगारेटींची नावे होती. जहाजे अपुरी पडल्याने विमानवाहू नौकांच्या हँगरमध्ये, म्हणजे विमाने ठेवण्याच्या दालनात, खाटांच्या उतरंडी उभ्या राहिल्या. भारत-ब्रह्मदेश आघाडीवरचे सैनिक कराची व कलकत्ता बंदरांतून निघाले. तरीही विलंब टळला नाही आणि जानेवारी १९४६ मध्ये मनिलात सैनिकांनी उघड निदर्शने केली. ‘मॅजिक कार्पेट’ नावाची ही वाहतूक मोहीम सप्टेंबर १९४६ मध्ये संपली.